कपाटामागचा प्लग

दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत शिंपीणबाईंचा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर सुताराची बायको हाताला पट्टी बांधलेल्या नवऱ्याला फैलावर घेत होती. बाईंनी मासिक नुसतं उघडं धरलं होतं.

"चौकटी कापायच्या मशीनचं ब्लेड बदलताना आधी प्लग काढायचा, हे सगळ्या जगाला सांगत फिरता ना?"

"अगं, मशीन बंदच होतं."

"मग ते फिरलं कसं?"

"बोल्ट निघेना. जोर लावायला मशीनची मूठ आवळून धरली, आणि बटण त्या मुठीतच असतं."

"म्हणजे प्लग काढलाच नव्हता."

"तो कपाटामागे आहे. हात पोचत नाही."

"कपाट तिथे कोणी बसवलं?"

"मीच. त्या कोपऱ्यात अगदी मापात बसत होतं."

"दोन बोटं गेली, आणि मला माप सांगताय."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आज सकाळी मी ते कपाट हातोड्याने फोडलं. आता पोचतो हात."

"फोडलंस? अस्सल सागाचं होतं गं ते."

"आणि बोटं कशाची होती?"