परशरामच्या मागावरची दीड वीत

मंडळी, वडीलधाऱ्यांनो, आक्कांनो. वडगावची माणसं आलीत, अनगोळची आलीत, माग बंद ठेवून सगळे आलात. परशरामसाठी आलात. मी नागाप्पा. त्याच्या घराला माझं घर लागून, मधे एकच भिंत. म्हणून पंचांनी मला उभं केलंय. मला बोलायची सवय न्हाय. माझा आवाज बसला तर मला खाली बसवू नका. आज शेवटपर्यंत बोलू द्या.

महिना झाला परशराम जाऊन. परसातल्या विहिरीत पडून गेला. त्याच्याबद्दल काय सांगू? मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की एका लयीत चालायचा. सुताचा धोटा आडवा टाकला, फणीचा एक ठोका. धोटा टाकला, एक ठोका. तो त्या बाजूला, मी ह्या बाजूला, वीस वर्षं. मी जरा थांबलो की भिंतीपलीकडनं हाक यायची, "नागू, दमलास काय रं?" लई भोळा होता असं मघाशी कुणीतरी म्हणलं. मला राग आला. भोळा नव्हता तो. माणसावर विश्वास ठेवायचा. माझ्यावर ठेवला.

जायच्या आठ दिवस आधी तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणला, "नागू, तुझा यल्लाप्पा माझ्या घरी सारखा का येतो रं? मी बाजारात गेलो की तवाच का येतो?" मी काय म्हणलो? म्हणलं, "लुगड्याचा काठ विणायला शिकायला येतो. तुझ्यासारखा काठ गल्लीत कुणाला जमतो?" तो हसला न्हाय. "असंल," म्हणला आणि उठला.

मंडळी, मी खोटं बोललो. त्याच्या बायकोचं, शेवंताचं, आणि माझ्या भावाचं मला दिवाळीपासनं ठाऊक होतं. मागच्या दारात दोघांना ह्या डोळ्यांनी बघितलं होतं. यल्लाप्पाला घरात ओढला, मुस्काटात दिली. म्हणलं, "वहिनी लागते ती तुझी. लाज न्हाय वाटत?" त्यानं माझे पाय धरले. "अण्णा, परत न्हाय जाणार." मी ते खरं मानलं. मला घराची अब्रू झाकायची होती, म्हणून मानलं.

गलका करू नका. बसा आप्पा, बसा. मला पुढचं सांगायचं हाय.

परशराम गेला त्या दिवशी दुपारी शेवंता आमच्या सोप्यात आली. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत माझ्या बायकोजवळ बसली. मी मागावर होतो. भिंतीपलीकडं परशरामचा माग वाजत होता. दिवे लावायची वेळ झाली तसा तो बंद झाला. शेवंता उठून घरी गेली, आणि तिनं टाहो फोडला. आम्ही धावलो. परशराम विहिरीत, डोक्याला खोक. फौजदार आले. मी सांगितलं, "साहेब, दिवे लागेपर्यंत तो मागावर होता. मी कानांनी ऐकलं." त्यांनी लिहून घेतलं, मी अंगठा दिला. पाणी काढायला गेला आणि पाय घसरला, असं ठरलं. अंधार पडल्यावर यल्लाप्पा घरी आला. "निपाणीला गेलतो," म्हणला. त्याला कोण कशाला विचारतंय?

माग वाजतोय म्हणजे परशराम बसलाय. असं मी धरून चाललो. तुमच्यापैकी कुणीही असंच धरलं असतं.

परवा पंचांनी मला बोलावलं. गेलेल्या विणकराचं अर्धं लुगडं मागावरनं कापायचं न्हाय, शेजाऱ्यानं ते पुरं करायचं, ही आपल्या गल्लीची रीत. म्हणून मी त्याच्या खड्ड्यात पाय सोडले. नमस्कार केला. विणलेल्या कापडावरनं हात फिरवला. शेवटची दीड वीत हाताला वेगळी लागली. वीण नको तेवढी घट्ट. डावा काठ आत ओढलेला. परशरामचा काठ वीस वर्षांत कधी असा आत गेला न्हाय.

एका धोट्याला दोन ठोके मारले की वीण अशी बसते. डावखुरा माणूस सूत जादा ओढतो तवा डावा काठ असा जातो. गल्लीत डावखुरा विणकर एकच हाय. त्याला माग मी शिकवला. दोन ठोके मारू नको म्हणून त्याच्या हातावर फटके मी दिलेत.

आणि मग मला सगळं आठवलं. त्या दुपारी भिंतीपलीकडनं दोन-दोन ठोके येत होते. कानाला ते कळलं होतं, मंडळी. मीच मनाला म्हणलं, परशरामला बरं नसंल. माझी बायको पण म्हणली होती, "आज भावजी लई जोरात हाईत." शेवंता म्हणली, "व्हय, लुगडं संपवायचं हाय."

शेवंता, पंधरा वर्षं तू त्या मागाशेजारी नांदलीस. नवऱ्याचा हात तुला कळला न्हाय? तुझा नवरा तवा विहिरीत होता. आणि तू मान खाली घालून कांड्या भरत बसलीस.

यल्लाप्पा, तू त्या खांबाला टेकून बसलायस. माझ्याकडं बघ. आई गेली तवा तू चार वर्षांचा होतास. माझ्या ताटात जेवलास. दोन दिवस मी कात्री हातात धरून त्या मागापाशी बसलतो. एवढी दीड वीत कापायची आणि चुलीत घालायची. कुणाला कळलं असतं? माझ्या बायकोनं मला बघितलं. म्हणली, "कापा. मी तुम्हाला जेवायला वाढीन. पण परत तुमच्या तोंडाकडं बघणार न्हाय." मी कात्री खाली ठेवली. आधीच ठेवायला पाहिजे होती. उंबऱ्यावर त्यानं विचारलं तवाच खरं बोललो असतो, तर तो आज जिवंत असता. माझ्या खोट्यानं गेला तो. मला त्याची लाज वाटते, मरेपर्यंत वाटंल.

लुगडं मी पुरं केलं न्हाय. पंचांनो, रीत मोडली म्हणून मला दंड करा. ते मागावर तसंच हाय. ज्याला हात हाय त्यानं लावून बघावं.

आता परशरामसाठी दोन मिनिटं गप उभं राहायचंय. त्यानंतर मी फौजदाराच्या कचेरीत जाणार हाय, माझा जबाब खोटा म्हणून सांगायला. यल्लाप्पा, भाऊ म्हणून मला तुला देता येतात ती एवढीच दोन मिनिटं. माझ्याबरोबर आलास तर मी तुझा हात धरून चालीन. न्हाय आलास तर तुझं नाव मी एकटा जाऊन सांगीन.

परशराम, माझा नमस्कार घे. घेतला न्हाईस तरी मी करतोय.

उठा मंडळी. यल्लाप्पा, तू पण ऊठ.