रोहिणीने मागे घेतलेलं म्हणणं

आबा, मावशी आणि टाकव्याच्या सगळ्या मंडळींनो. काय बोलायचं ते सकाळपासून मनात घोळवतेय. आता बोलणारच. कारण मघाशी याच हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "पोरगी हुशार होती, पण शेवटी फसली."

कोण फसलं? आबा, तुमची लेक रोहिणी?

मी शरयू. प्रयोगशाळेत आम्ही दोघी शेजारी काम करायचो. तिचा विषय बी पेशी. आजाराशी लढणाऱ्या अँटिबॉडी बनवतात, त्या पेशी. त्या हाडांतल्या मज्जेत वाढतात. तिथं शेजारच्या पेशी त्यांना इंटरल्युकिन-सात नावाच्या प्रथिनातून निरोप देतात. रोहिणीचं म्हणणं होतं, हा निरोप पेशीला फक्त जगवतो. अँटिबॉडीचं जनुक कधी उघडायचं ते पेशी आपलं आपण ठरवते. याच म्हणण्यावर तिचं नाव झालं. बढती दारात होती.

आणि मग तिनंच प्रयोग लावला. निरोप तोडला, पण पेशी दुसऱ्या उपायानं जिवंत ठेवल्या. तिचं खरं असतं, तर जनुक वेळेआधी उघडलं नसतं. ते उघडलं! म्हणजे तो निरोपच त्याला मिटून ठेवत होता.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "हे आत्ता राहू दे. बढती झाल्यावर बघू."

ती म्हणाली, "सर, मग ते माझं मत उरेल. पेशीचं नाही."

प्रयोग तिनं पुन्हा केला. पुन्हा तेच. तिनं स्वतः जाहीर केलं, मी चुकले होते. बढती गेली. आबा, तुम्ही तिला विचारलंत, "पोरी, लाज न्हाई वाटत व्हय?" मी तिथंच जेवायला बसले होते. ती हसली. "आबा, शेतात भात आला न्हाई, तर आला म्हनून सांगता का तुमी?"

तुम्ही तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढलीत.

परवा मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. मृत्यूनं तिला नेलं. पण तिच्याकडून खोटं वदवून घेणं कुणालाच जमलं नाही. फसली म्हणू नका. माझ्यासमोर नाही. आबांसमोर तर नाहीच. चूक दिसल्यावर बोलायची हिंमत इथं किती जणांत आहे?

चला, उठा. तिच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मान खाली घालू नका. रोहिणीनं कधी घातली नव्हती.