अनंताच्या गाडीचा दरवाजा

शेजारच्या अनंताच्या गाडीला दरवाजा का नाही, ते मला विचारा. मी कुंपणापाशीच होते.

दोन सीटांची, बिनटपाची जुनी स्पोर्ट्स कार त्याने भंगारातून आणली. तिची हलकी फायबरची बॉडी करायला दिली होड्या बांधणाऱ्या बाबीकडे. बायकोला तिच्यातून माहेरी, पिंगुळीला, मिरवत न्यायचं होतं. बाबीने तयार गाडी अंगणात आणली, शालन नवी साडी नेसून आली, तर गाडीला दरवाजाच नाही!

“बाबी, दरवाजो खंय?” अनंता ओरडला.

“होडयेक दरवाजो ठेवलो तर ती बुडतली नाय?”

शालन नवऱ्याला म्हणाली, “अवो, बघतास काय? होडयेत माणसां चढवतत तसां माका उचला!”

वीस वर्षांत चारचौघांत तिचा हातही न धरलेल्या अनंताने अख्ख्या वाडीसमोर तिला उचलून आत बसवलं.

आता बाबी दरवाजा कापून द्यायला तयार आहे. शालनच नको म्हणते.