ट्रिटिकेलचं दळण

माझा जन्म जुन्नरच्या वरच्या अंगाचा, जिथं शेतात मातीपेक्षा मुरूम जास्त, आणि लग्न होऊन आले ती घाटकोपरला, थेट पिठाच्या गिरणीत. आधी सासऱ्यांची गिरणी, मग नवऱ्याची, ते गेल्यापासून माझी. भुवयांपर्यंत पांढरी दिसते ना मी, ती पिठाने, वयाने नाही, हे नीट लिहा.

काय सांगू तुम्हाला, बाहेरून वाटतं गिरणी म्हणजे बटण दाबलं की झालं. तसं नसतं. सकाळी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, सगळ्यात शेवटी डाळी. कारण मागच्याचं मूठभर पीठ दगडात राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून प्रत्येक बाई डबा खाली ठेवायच्या आधी विचारते, सुमन, आधी काय दळलंस गं? आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णी काकू तर पिठात बोट घालून वास घेतात. आणि गव्हाचं गिऱ्हाईक हीच माझी रोजीरोटी, ते गेलं की शटर खाली.

अशात माझ्या भावाचा, दत्ताचा फोन. हा आधी साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये होता, एक दिवस उठला आणि गावी शेती करायला गेला, सगळे हसले, मी एकटी नाही हसले, तेव्हापासून त्याची प्रत्येक उचापत माझ्या गळ्यात. म्हणतो, ताई, यंदा ट्रिटिकेल पेरलं. मी म्हटलं, हे काय, खोकल्याचं औषध? म्हणतो, नाही गं, धान्य आहे, गहू आणि राय म्हणून परदेशी धान्य असतं त्यांचा संकर, आई गहू, बाप राय, आपल्या मुरमातसुद्धा कसं झकास आलंय बघ, पोतं पाठवतो, दळून विक, तुझ्याकडे सगळं शहर येतं. सगळं शहर! माझ्याकडे गल्लीच्या पलीकडचं कुणी येत नाही हो.

पोतं आलं. दाणा गव्हापेक्षा लांबट, जरा सुरकुतलेला. आता हे कुठल्या रांगेत लावायचं? आई गहू, म्हणून मी लावलं गव्हात. झालं! काकूंनी विचारलं, आधी काय दळलंस? मी गमतीत म्हटलं, आंतरजातीय आहे काकू. त्यांनी डबा असा उचलला, असा, जसं काही मी त्यात पाल टाकली. मग मीही पेटले. गिरणीच्या वरच माझं घर, तिथं पोळ्या करायला घेतल्या, तर कणीक ही अशी हाताला चिकटली, पोळपाटाला चिकटली, लाटण्याला चिकटली, ताणायला गेलं की फाटते. पाणी कमी केलं, तेल घातलं, गाणी म्हटली, उपयोग शून्य. पिठात ओढच नाही.

तिकडे समोरच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय? कुणाची पोळी वातड झाली, दोष त्या धान्याला. कुणाचा केक बसला, दोष त्या धान्याला. एका बाईचं दूध नासलं, ती मला विचारते, काल ते दळलं होतंस का? बाई, दूध मी दळत नाही! पण ऐकतंय कोण. सकाळची रांग अर्धी झाली, उरलेल्या बायका कोपऱ्यावरच्या गिरणीत, आणि जाताना माझ्याकडे बघून हसत जायच्या. आता गिरणी जाते की काय, असं झालं मला.

त्यात रविवारी दत्ता हजर. ताई, माझ्या धान्याचं जेवायला घाल. मी म्हटलं, घालते हो राजा. पोळीचा नाद सोडला, पीठ ताकात सैल भिजवलं, मिरची, कोथिंबीर, आणि तव्यावर धिरडी. चिकटतंस ना, चिकट आता तव्याला! नाही चिकटलं, खोटं कशाला बोलू. कडेला जाळी, मध्ये लुसलुशीत. दत्ता खातोय, खातोय, म्हणतो, अगं हे तर भारी लागतं. मी विचारलं, म्हणजे तू घरी कधी खाल्लं नाहीस? म्हणतो, नाही, ते म्हशींच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरलं होतं, थोडा तुकडा कापायचा राहिला, त्याला दाणे आले, म्हटलं ताईकडे गिरणी आहे.

उलथणं माझ्या हातात होतं. नुसतं उचललं हो, मारलं नाही. म्हशींच्या चाऱ्यापायी मी अख्खी बिल्डिंग अंगावर घेतली!

आमचा आवाज ऐकून काकू वर आल्या, भांडण बघायला आल्या आणि धिरडं खाऊन गेल्या. जाताना मलाच झापलं, मग धिरड्याचं पीठ म्हणून सांगायचं ना, पोळीच्या गव्हात कशाला दळलंस? घ्या! त्यांनीच मग सगळीकडे सांगितलं, आणि गव्हाची रांग हळूहळू परत आली.

आता ट्रिटिकेल मी शनिवारी दळते, डाळींच्याही नंतर, दगड झाडून. दत्ता यंदा जास्त पेरतोय, म्हटलं पेर बाबा, म्हशी सुखी राहोत, तूही राहा. काकू माझ्याकडून दाणेच विकत घेतात, समोर उभं राहून दळून घेतात. परवा डबा छातीशी धरून विचारतात कशा, सुमन, आधी गहू नाही ना दळलास? त्याच्यात गहू मिसळलेला मला चालायचा नाही हं.