चार तास घोटलेली पट्टी

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंना समोरच्या बाकावरच्या बापलेकीचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, प्लास्टिकची एक्केचाळिसावी पट्टी जोडली, तरी दिवा लागला नाही.”

“अगं, जन्म गेला माझा वायरिंग करण्यात. तारेवर प्लास्टिक चढवतात ते वीज अडवायला, आणि तू त्यातूनच वीज न्यायला निघालीस!”

“त्यात कार्बनच्या नळ्या मिसळते ना मी. केसाहून हजारो पट बारीक. एकीला एक टेकत गेली की वीज पार जाते.”

“मग टेकत का नाहीत?”

“गुठळ्या होतात. म्हणून घोटणं वाढवलं. आता चार तास घोटते.”

“चार तास! तार जास्त पिळली की आतल्या आत तुटते, पोरी. वरून धडधाकट दिसते.”

“थांबा, बाबा. थांबा जरा.”

“काय झालं?”

“नळ्यांचे तुकडे होतायत. आखूड झाल्यावर एकमेकींपर्यंत पोचणार कशा? मी नळ्या नाही, भुगाच मिसळत बसले!”

“सतरा नंबर!” बाईंनी दुसऱ्यांदा पुकारलं, पण आवाज जरा खाली आणून.

“तुमचा नंबर, बाबा.”

“जातो मी. तू लॅब गाठ. बेचाळिसावी अर्धाच तास घोट.”

“तीही मेली तर?”

“मग त्रेचाळिसावी. आणि दिवा लागला की फोन कर. डोळ्यांत औषध घातल्यावर दिसणार नाही, ऐकू तर येईल!”