वीराचा दगड पडद्यावर

उदगीर-लातूर बसमध्ये रेणुकाच्या मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"म्युझियमवाल्यांनी आमच्या वेशीतल्या वीराच्या दगडाचे चहूबाजूंनी फोटो नेले. आता तिथं पडद्यावर बोट फिरवलं की दगड फिरतोय, बघून आलेले सांगत्यात."

"चांगलंच हाय की, सिद्धम्मा."

"काय चांगलं? गावातल्या दगडाचं तोंड सपाट झालंय."

"झिजलं आसंल."

"एका महिन्यात? आन् दिवा लावायला बसलेल्या सासूबाईबी फोटोत आल्या. पडद्यावर बोट फिरवलं की वळून हसतात म्हणं."

"मग?"

"घरी हाक मारली तर वळत न्हाईत."

"आगं बाई! आता?"

"जाऊन सांगते, पुसून टाका."

"आन् खऱ्या सासूबाई पडद्यावरच्याच असल्या तर?"

रेणुकानं मांडीवरची म्युझियमच्या कॅमेऱ्याची बॅग ओढणीखाली झाकली.

"ओ ताई, म्युझियमला कुठं उतरायचं?" मागून हाक आली.

रेणुका वळली नाही.