पिस्टन आणि गुडघा

तंजावरच्या हाडांच्या दवाखान्यात सुप्रभा हात गळ्यात बांधून आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं मराठीत बोलत होतं. इथं आपलं बोलणं कुणाला कळणार, अशा मोकळेपणानं.

“अगं वेंकू, डॉक्टर काहीही म्हणोत. देवानं दिलेला गुडघा बदलायचा कशाला?”

“मग त्या जावा मोटारसायकलचा पिस्टन कशाला बदललात?”

“तो झिजला होता.”

“आणि माझा गुडघा नवाकोरा आहे?”

“गाडीचं वेगळं असतं. भंगारातून आणून, दोन वर्षं खपून उभी केलीय. जुनी गाडी, जपावं लागतं.”

“मी तिच्याहून जुनी आहे.”

“तसं नव्हे गं. माझ्या पाचही जुन्या गाड्या रोज सुरू करून बघाव्या लागतात. तू निजून राहिलीस तर माझ्याकडे कोण बघणार?”

“पाच आहेत ना, त्यातली एखादी बघेल.”

हसू लपवायला सुप्रभानं मोबाइल उगाच डोळ्यांजवळ नेला.

तेवढ्यात नर्सनं येऊन तमिळमध्ये विचारलं, “वेंकूबाई, शनिवारी ऑपरेशनच्या वेळी सोबत कोण राहणार?”

“माझी मुलगी, हरिता.”

नर्स मान डोलावून आत गेली.

“शनिवारी? अगं, शनिवारी आमची जुन्या गाड्यांची फेरी आहे. तिरुवैयारूपर्यंत माझी जावा सगळ्यांच्या पुढं असणार.”

“ठाऊक आहे मला.”

“मग मी दवाखान्यात कसा येणार?”

“म्हणून तर शनिवार मागून घेतला.”